गोंदण आणि त्वचेचे आरोग्य

काकड आरतीस येणाऱ्या वृद्ध मातांच्या हातावर गोंदलेले तुळशीवृंदावन आम्ही लहानपणापासून पाहत आलो. सोने-नाणे येथेच राहते, गोंदण तेवढे बरोबर येते, अशी त्यांची श्रद्धा. हल्ली नवरात्र जवळ आले की बडोद्यातील तरुण मंडळी गरब्यासाठी पाठीवर व दंडावर चित्रे काढून घेतात. काहींची चार दिवसांत पुसली जातात. काहींची कायमची असतात. या दुसऱ्या प्रकाराविषयी लिहिणे आम्हास अगत्याचे वाटते.

कातडीचा वरचा थर सतत झडत असतो. म्हणून सुई त्याखालच्या थरात शाई सोडते. तेथील पेशी शाईचे कण परके समजून गिळतात, पण ते त्यांस पचत नाहीत. ते तेथेच अडकून राहतात व आपल्याला रेषा दिसते. अर्थात हे चित्र कातडीवर नसून कातडीत असते, आणि सुईबरोबर आणखी जे जाईल तेही आतच जाते.

काय जाते, हे भिलईच्या उदाहरणावरून कळेल. तेथील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. अशोक घोरपडे यांनी २००२ साली ३१ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. रस्त्याकडेच्या गोंदणाऱ्यांकडून गोंदून घेतलेल्या या लोकांस कुष्ठरोगाचे चट्टे गोंदणाच्या जागीच उठले होते. एकच सुई न उकळता अनेकांस टोचण्याचा हा परिणाम. हा रोग आता औषधाने पूर्ण बरा होतो व सरकारी दवाखान्यात ते विनामूल्य मिळते. परंतु लाजेपोटी चट्टा लपविला तर नसा निकामी होतात. म्हणून गोंदणावर फिकट, बधिर डाग दिसताच डॉक्टरांस दाखवावा. ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतो. तिची लस आहे, ‘क’ प्रकारची नाही.

सुई नवी असली तरी शाईची खात्री कोण देणार? अमेरिकेतील रॉचेस्टर येथे २०११-१२ साली दूषित करड्या शाईमुळे १९ जणांच्या गोंदणावर चिवट पुरळ उठले. तांबड्या रंगाची तर अनेकांच्या कातडीस वावडी असते. आमच्या परिचयातील एका तरुणाने दंडावर तांबड्या अक्षरांत नाव गोंदविले. काही महिन्यांनी अक्षरे फुगली, रात्रंदिवस खाज सुटली. लेसरने काढावयाचे तर अनेक खेपा, मोठा खर्च, आणि सावळ्या कातडीवर पांढुरके डाग राहण्याचे भय. तो अद्याप उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा सदरा घालतो.

ज्यांचा निश्चय झालाच असेल त्यांनी सुईचे पाकीट आपल्यासमक्ष फोडावयास सांगावे, शाई प्रत्येकासाठी वेगळ्या वाटीत घ्यावयास लावावी. ज्यांच्या जखमेचे व्रण उंच वाढतात त्यांनी या वाटेस जाऊच नये. गोंदल्यापासून वर्षभर रक्तदान करता येत नाही, हेही रक्तदान शिबिरात नाव देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.