८२ नंबरची मिनीबस आणि शिंग मुनचं तळं

हाँगकाँगला जाऊन आलेल्या बहुतेकांच्या फोटोंत तेच ते असतं: काचेच्या इमारती, डिस्नेलँड, पीकवर जाणाऱ्या ट्रामची रांग. टूरवाल्यांचा कार्यक्रमही तिथंच संपतो. पण या एवढ्याशा प्रदेशाची जवळपास ४० टक्के जमीन ‘कंट्री पार्क’ म्हणून राखून ठेवलेली आहे. त्यासाठीचा कायदा १९७६ साली झाला आणि पुढच्याच वर्षी पहिली उद्यानं जाहीर झाली. शिंग मुन त्यांतलंच एक. हाँगकाँगमध्ये एक दिवस मोकळा मिळाला, पायांत बऱ्यापैकी बूट असले, तर तो दिवस इथं घालवावा. पीकची रांग पुढच्या वेळी.

जायला गाडी लागत नाही, गाईडही लागत नाही. मेट्रोच्या लाल मार्गाचं शेवटचं स्टेशन त्सुएन वान. तिथून पाच-दहा मिनिटं चालत शिउ वो स्ट्रीट गाठायचा. गल्ली बाजाराच्या गर्दीतली आहे, त्यामुळे मोबाइलवरचा नकाशा उघडा ठेवा. इथून हिरव्या टपाची ८२ नंबरची मिनीबस सुटते. टप हिरवाच आहे ना, ते बघून चढा. लाल टपाच्या मिनीबसचं तंत्र वेगळं, नवख्यानं त्या वाटेला जाऊ नये. मिनीबसमध्ये उभं राहून प्रवास चालत नाही. जागा भरल्या की दार बंद, आणि तुम्ही पुढच्या गाडीच्या रांगेत. भाडं ऑक्टोपस या तिथल्या प्रवास-कार्डानं द्यावं. रोख दिलीत तर सुटे परत मिळत नाहीत. शनिवार-रविवारी ही रांग चांगलीच लांबते. तेव्हा सकाळी लवकर निघा, नाहीतर तीन-चार जण मिळून लाल टॅक्सी करा.

बस जिथं सोडते तिथलं नाव पाइनॲपल डॅम. आसपासचे गावकरी पूर्वी इथं अननस लावत, म्हणून हे नाव. खाली उतरताच माकडं दिसतील. माथेरानच्या माकडांशी ज्यांचा सामना झालाय त्यांना वेगळं सांगायला नको, पण इथल्या माकडांचा डोळा मुख्यतः प्लॅस्टिकच्या पिशवीवर असतो. हातात लोंबणारी पिशवी दिसली की एखादं माकड मागून शांतपणे येतं, पिशवीचा तळ दोन्ही हातांनी धरतं आणि एका हिसक्यात फाडतं. खाऊ रस्त्यावर, माकड झाडावर. त्यामुळे सगळं खाणं सॅकच्या आत, चेन ओढून. आणि कौतुकानं शेंगदाणे वगैरे टाकायला जाऊ नका. वन्य प्राण्यांना खायला घालणं हा इथं गुन्हा आहे. २०२४ च्या ऑगस्टपासून जास्तीत जास्त शिक्षा एक लाख हाँगकाँग डॉलर दंड आणि एक वर्षाची कैद. जागच्या जागी पावती फाडली तरी ती पाच हजार डॉलरची.

तळ्याला पूर्ण प्रदक्षिणा घातली, तर कुठली वळणं घेता त्यावर आठ ते दहा किलोमीटर होतात. रमतगमत तीन तास धरा. चढ नावापुरता, वाट मळलेली, फाट्याफाट्यावर पाट्या. राजगड-तोरणा करणाऱ्याला ही निव्वळ शतपावली वाटेल, पण आई-वडील किंवा सात-आठ वर्षांची पोरं बरोबर असतील तर याहून चांगली वाट शोधून सापडणार नाही. प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं घाला, म्हणजे आधी पश्चिमेचा काठ. त्यामागचं कारण अर्ध्या-पाऊण तासात समोर येतं.

ती पेपरबार्कची झाडं. मूळ ऑस्ट्रेलियाकडची, आपल्या जांभूळ-निलगिरीच्या कुळातली. काठावर ओळीनं उभी आहेत. साल पांढुरकी, आणि ती एक साल नसतेच. बोटानं दाबून पाहा, वहीच्या पानांसारखे थरावर थर आत दबतात. सुटलेली पापुद्र्यासारखी चकती वाऱ्यावर हलत असते. ती ओढून काढायचा मोह आवरा, कारण हात पोहोचेल तेवढ्या उंचीवरची खोडं आधीच्या हौशी मंडळींनी सोलून ठेवलेली दिसतात. तळं भरलेलं असेल तर ही झाडं पाण्यात उभी असतात आणि खाली त्यांची उलटी प्रतिबिंबं पडतात. सगळ्यांना हवा असतो तो हा फोटो. त्यासाठी पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास जावं. हिवाळ्यात पाणी उतरलं की त्याच खोडांमधून चालता येतं. मला विचाराल तर हिवाळाच बरा. हवा कोरडी असते आणि घामानं जीव नकोसा होत नाही.

पुढे उत्तर टोकाजवळ झाडांचा संग्रह केलेलं वृक्षोद्यान आहे. वनस्पतींची आवड असणाऱ्यांनी तिथं थांबावंच. १९५५ साली याच शिंग मुनच्या रानात कॅमेलियाची एक नवी जात सापडली, तीही एकुलत्या एका झाडाच्या रूपात. तेव्हाचे गव्हर्नर ग्रँथम यांच्यावरून तिचं नाव ठेवलं. तळहात भरेल एवढं पांढरं फूल, मध्ये पिवळ्याधमक केसरांचा झुबका. बहर साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर.

हे रान जुनं वाटतं, पण बरंचसं लावलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथले डोंगर सरपणासाठी बोडके झाले होते. युद्धानंतर पाणलोट जपायचा म्हणून पुन्हा झाडं लावली गेली. तळंही बांधलेलं. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेर या खोऱ्यातली आठ गावं उठवली आणि १९३७ मध्ये धरण पुरं झालं. राजा पाचव्या जॉर्जच्या रौप्यमहोत्सवावरून त्याला ज्युबिली रिझर्व्हॉयर असंही म्हणतात. धरण आलं की गावं उठणार, हे आपल्याला मुळशी-कोयनेपासून ठाऊक आहे. इथं त्या गावांची खूण म्हणजे डोंगरउतारावरची जुनी राई. आपल्या देवरायांसारखी तीही गावानं श्रद्धेपोटी राखलेली, गाव गेल्यावरही टिकलेली.

पूर्वेचा काठ वनरस्त्यानं उरकतो. त्याच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सावली आहे, फुलपाखरं आहेत, सायकलवाले अधूनमधून येतात. तो संपतो मुख्य धरणावर. सुमारे ८५ मीटर उंचीची ही भिंत बांधली तेव्हा ब्रिटिश साम्राज्यातल्या सर्वांत उंच धरणांत गणली जायची. एका बाजूला शांत पाणी, दुसऱ्या बाजूला खोल घळ, आणि जवळच पाण्यात तोंड वासून बसलेला गोल सांडवा.

इथून अजून दम असेल तर दोन पर्याय. पहिला इतिहासवाल्यांसाठी. मॅक्लेहोज ट्रेलच्या सहाव्या टप्प्यानं डोंगराच्या सोंडेवर थोडं चढलं की शिंग मुन रिडाउटचे भुयारी मोर्चे लागतात. भुयारांच्या तोंडांवर लंडनच्या रस्त्यांची नावं कोरलेली आहेत: पिकॅडिली, रीजंट स्ट्रीट, चेअरिंग क्रॉस. ही जिन ड्रिंकर्स लाइन नावाच्या संरक्षण-फळीची चौकी. ९ डिसेंबर १९४१ च्या रात्री जपान्यांनी ती काही तासांत घेतली आणि सगळी फळी कोसळायला सुरुवात झाली. या फळीवर स्कॉटिश पलटणीबरोबर राजपूत आणि पंजाब रेजिमेंटच्या भारतीय पलटणीही होत्या. विजेरी न्या, डोकं सांभाळा, आणि पाऊस झाला असेल तर आत जाऊ नका.

दुसरा पर्याय पायांवर भरवसा असणाऱ्यांसाठी. त्याच ट्रेलचा सातवा टप्पा नीडल हिलच्या ५३२ मीटरच्या सुळक्यावर पायऱ्यांनी चढतो, पुढे ६४७ मीटरच्या ग्रासी हिलवरून लेड माइन पासला उतरतो. अंतर ६.२ किलोमीटर. हे करायचं असेल तर तळ्याची प्रदक्षिणा बाजूला ठेवून सकाळीच थेट धरणाकडून सुरुवात करा. खिंडीतून विल्सन ट्रेलनं परत तळ्यावर येता येतं, म्हणजे बस तीच. वरती सावली नाही. वाटेत दर अर्ध्या किलोमीटरवर क्रमांक लिहिलेले खांब आहेत. दिसला की तो क्रमांक लक्षात ठेवा. काही झालं तर ९९९ ला तोच सांगायचा.

मे ते सप्टेंबर नीडल हिलचा चढ टाळा. हवामान खात्याने पावसाचा पिवळा, लाल किंवा काळा इशारा अथवा वादळाचा सिग्नल दिला असेल तर हॉटेलात बसा. तळ्यात पोहायला बंदी आहे. पिण्याचं पाणी माणशी दोन लिटर घ्या. शाकाहारी असाल तर वाटेवर काही मिळेल या भरवशावर राहू नका. ठेपले, दशम्या किंवा त्सुएन वानच्या बेकरीतला पाव जवळ असू द्या. २०१७ अखेर डोंगरवाटांवरच्या कचरापेट्या मुद्दाम काढून टाकल्या आहेत, तेव्हा रिकामी बाटली आणि केळ्याची सालंसुद्धा सॅकमधूनच खाली आणायची.

आणि हे सगळं ठरवण्याआधी एक काम. भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नसला, तरी निघण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी करावी लागते. ती मोफत आहे. तिकीट काढण्याआधीच करून टाका.