दाराला टांगलेली स्टेपनी

करूळ घाट उतरून वैभववाडीच्या अलीकडे चहाला थांबलो, तर मागून आलेला दुचाकीवाला म्हणाला, "काका, तुमची स्टेपनी मान डोलावतेय." मागे जाऊन बघितलं. वरच्या दोन बोल्टांभोवती दाराचा पत्रा चिरला होता, एक चीर तर बोटभर लांब. चाक खालच्या दोन बोल्टांवर कसंबसं तगून होतं. आणि तो मुलगा अख्खा घाट माझ्या मागेच होता.

जुन्या डिलिव्हरी व्हॅनमध्ये झोपायची, रांधायची सोय करताना चासीखालची स्टेपनीची जागा पाण्याच्या टाकीने घेतली, म्हणून चाक मागच्या दारावर गेलं. (स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटचा. 1904 मध्ये तिथे डेव्हिस बंधूंनी जादा चाकाचा धंदा काढला. तिकडे तो शब्द कधीच मागे पडला, आपल्या गॅरेजांत अजून रोज वापरात आहे.) मिस्त्री म्हणाला, "जीपच्या दाराला नसतं का चाक?" मला पटलं. जीपचं दार त्या ओझ्यासाठीच आतून मजबूत केलेलं असतं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आमच्या दाराचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर.

चाकाचं वजन काट्यावर 31 किलो भरलं. चाकाचा मध्य दारापासून 20 सेंटिमीटर बाहेर आणि वरच्या-खालच्या बोल्टांत अंतर 25 सेंटिमीटर. म्हणजे गाडी उभी असताना वरच्या दोन बोल्टांवर मिळून बाहेरच्या दिशेने साधारण 25 किलोची ओढ. एवढी त्या पत्र्याने वर्षानुवर्षं सोसली असती. पण खड्ड्यात गाडी आदळली की तीच ओढ तिप्पट होते आणि पुढच्या क्षणी उलटी फिरते. तार मागेपुढे वाकवून तोडतो ना आपण, तसंच हे. मी वजनाचा हिशेब केला होता, हिसक्यांचा केला नव्हता. दार कुरकुरायला लागलं होतं आणि बंद करताना किंचित उचलावं लागत होतं, तेव्हाच थांबायला हवं होतं. मी बिजागरीत तेल घातलं.

दुसरं कॅरिअर कोल्हापुरात उद्यमनगरात करून घेतलं. या वेळी एकच अट घातली: चाकाचा भार दाराला लागता कामा नये. चासीच्या मागच्या टोकाला आडवा चॅनेल, त्याच्या एका बाजूला उभा खुंट, खुंटावर दोन टेपर रोलर बेअरिंगं आणि त्यांवर फिरणारा चौकोनी पाइपचा हात. नुसत्या पाइपात पाइप घालून फिरवलं तर सहा महिन्यांत खुळखुळतं. ग्रीसचं निप्पल बसवायला विसरू नका. चासीच्या रुळांना वेल्डिंग करू देऊ नका, वरच्या-खालच्या पट्टीत भोकंही पाडू देऊ नका. उभ्या बाजूवर कंपनीचीच भोकं असतात, त्यांत 8.8 ग्रेडचे बोल्ट आणि नायलॉक नट घाला. बाकी कुठेही वेल्डिंग करायचं तर आधी बॅटरीची वायर काढा, नाहीतर इंजिनचा कॉम्प्युटर जायची भीती.

खरी गोम दुसऱ्या टोकाला आहे. हात बंद होताना तिथल्या उतरत्या टेकूवर चढून बसला पाहिजे, म्हणजे भार दोन्हीकडे वाटला जातो. नुसती कडी घातली तर हात बंद असतो खरा, पण लोंबकळतच राहतो. उघडल्यावर तो जागच्या जागी अडकवायला एक पिन ठेवा. उतारावर उभ्या गाडीचा हात माझ्या बरगडीत बसलाय. पाइपाच्या तळाला पाणी निथळायला भोक हवं, कोकणच्या हवेत पाइप आतून सडतो.

चाक फार उंच नेऊ नका. दिसायला झोकदार दिसतं, पण पंक्चर झाल्यावर 31 किलो छातीपर्यंत उचलायचे आपल्यालाच असतात. मागच्या ॲक्सलचाही विचार करा. चाक आणि लोखंड मिळून 45 किलो झाले, ते ॲक्सलच्या मागे 1.6 मीटरवर. दोन ॲक्सलमधलं अंतर 3.35 मीटर, म्हणून पुढचा ॲक्सल 21 किलोंनी हलका झाला आणि मागच्यावर 66 किलो चढले. पाण्याची टाकीही मागेच असेल तर ओल्या घाटात स्टिअरिंग हलकं लागतं.

चाकाने नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जाता कामा नयेत. हाय सिक्युरिटी प्लेट स्नॅप लॉकने बसवलेली असते, उचकटून दुसरीकडे लावता येत नाही; म्हणून आधी प्लेट कुठे आहे ते बघा, मग चाकाची जागा ठरवा. गाडीतल्या बदलांसाठी मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 आहे. काम काढण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

रंग देण्याआधी हातावर उभं राहून उड्या मारा. मी मारल्या, एका जोडावरचा टाका सुटला, तो पुन्हा भरून घेतला. नटांवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा आणि पहिल्या 100 किलोमीटरनंतर बघा, रेघ तुटलेली असेल तर नट फिरलाय. शिवाय चाकापासून चासीपर्यंत एक जाड साखळी लावा. दारासकट पहिला प्रयोग मला नव्या कॅरिअरच्या दुपटीने महाग पडला. साखळी 300 रुपयांत आली.