न्यूमोनिया आणि मूळपेशी : आशा किती, खात्री किती?

घरातले माणूस न्यूमोनियाने दवाखान्यात पडले की आपण जो सांगेल तो उपाय करायला तयार होतो. ‘स्टेम सेलने फुप्फुसाची सूज उतरते’ असे कोणी सांगितले, तर दागिने मोडण्याआधी हे प्रकरण काय आहे ते समजून घेऊ या.

फुप्फुसांत हवेच्या बारीक बारीक पिशव्या असतात. तेथे जंतू शिरले की शरीर पांढऱ्या पेशी धाडते. त्या लढाईत सूज येते, पिशव्यांत पू आणि पाणी भरते. सूज ही खरे तर शरीराची राखण. पण ती आवरेनाशी झाली, तर जंतू मेल्यावरही रक्ताला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. प्रतिजैविकाचे मुख्य काम जंतू मारण्याचे. सुजेवर काय करावे, या शोधात संशोधक मूळपेशींकडे, म्हणजेच स्टेम सेलकडे वळले.

या पेशी अस्थिमज्जा, चरबी किंवा बाळाच्या नाळेतून मिळवतात. त्या नवे फुप्फुस घडवतात असे नाही. त्या जी द्रव्ये सोडतात त्यांतली काही सूज आवरतात, काही जंतू मारायला मदत करतात. उंदरांवरच्या प्रयोगांत हे दिसून आले. माणसांचे काय? अमेरिकेत कृत्रिम श्वासावर असलेल्या ६० रुग्णांवर चाचणी झाली. त्यांच्यापैकी अनेकांचा आजार न्यूमोनियातूनच वाढलेला होता. २०१९ साली निष्कर्ष आला : या पेशी देणे सुरक्षित वाटले, पण त्यामुळे मृत्यू कमी झाले असे सिद्ध झाले नाही.

म्हणून हा उपचार आज संशोधनाच्या पायरीवर आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात : रक्ताचे काही आजार वगळता मूळपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच व्हावा, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. कोणी न्यूमोनियासाठी लाखांचे पॅकेज सांगितले, तर चाचणीचा नोंदणी क्रमांक आणि नीतिसमितीची मंजुरी लेखी मागा.

खात्रीचे उपाय आपल्या हाताशी आहेत. बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षे ४० किंवा त्याहून जास्त भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळे पडत असतील किंवा बाळ दूध पीत नसेल, तर रात्र असली तरी थांबू नका. म्हाताऱ्या माणसांत कधी ताप नसतो. धाप आणि बरळणे एवढेच दिसते.

न्यूमोकोकल लस सरकारी केंद्रात मोफत मिळते : सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने. डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. घरात चुलीचा आणि विडीचा धूर नको.

उद्या मूळपेशींचा गुण सिद्ध झाला, तर आपणही त्याचे स्वागत करू. तोवर पुरावा मागायला लाजू नये.