पिन्याटा टांगण्याची सुरक्षित रीत



मुलांच्या वाढदिवसाला फुगे, झालरी आणि केक एवढ्यावर काम भागत असे, ते दिवस मागे पडले. आता शहरातले गिऱ्हाईक "पिन्याटा लावाल का?" असे विचारते. पिन्याटा म्हणजे कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा पोकळ तारा, घोडा नाही तर मासा. त्याच्या पोटात खाऊ भरायचा, तो वर टांगायचा आणि मुलांनी एकामागून एक डोळे बांधून काठीने फोडायचा. सजावटवाले, मंडपवाले, कागदकाम करणारे कारागीर आणि आमच्यासारखे कापड विकणारे, सर्वांनाच यात चार पैसे मिळतात. परंतु ज्या कामात लहान मुलाच्या हाती काठी द्यायची आहे, ते काम शिकल्याशिवाय करू नये. आम्ही ते न शिकता केले, म्हणून हा धडा लिहीत आहोत.

आमची गफलत

आमचे कापडाचे दुकान आहे. पडद्याचे कापड नेणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांचे सजावटीचे कामही आम्ही अधूनमधून घेतो. अशाच एका घरी मुलीच्या वाढदिवसाला आम्ही पिन्याटा टांगला. दोर चांगला होता, छताचा हूक पक्का होता, आम्ही स्वतः लोंबकळून पाहिला होता. गाठ मारली आणि निर्धास्त होऊन बाजूला उभे राहिलो. काही फटक्यांनंतर ताऱ्याला भोक पडले, चार चॉकलेटे खाली पडली, आणि पाच वर्षांचा एक मुलगा ती उचलायला धावला. काठीवाल्या मुलीचे डोळे बांधलेले. तिचा पुढचा फटका त्या मुलाच्या भुवईवर बसला. तीन टाके पडले. डोळा वाचला, ही अल्लाहची मेहेरबानी. मुलाचे वडील ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, "चाचा, तुमचा दोर मजबूत होता, हे खरे. पण दोराजवळ माणूस कुठे होता?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढे या वस्तूची माहिती काढली, तेव्हा कळले की ज्या मुलखातून ती आली, तिथे दोराजवळ माणूस असतोच.

मूळ रीत

पिन्याटा ही मेक्सिको देशाची वस्तू. मेक्सिको शहराच्या ईशान्येला आकोल्मान नावाचे गाव आहे. तिथल्या ख्रिस्ती मठात १५८६ साली नाताळापूर्वीच्या प्रार्थना सुरू झाल्या आणि पिन्याट्याची प्रथा त्यांच्याशी जोडली जाते. आजही तिथे १६ ते २४ डिसेंबर या नऊ दिवसांत गल्लोगल्ली पिन्याटे फुटतात. जुना पिन्याटा सात टोकांचा तारा असतो. ती सात टोके म्हणजे माणसाची सात पापे, असा अर्थ ते लोक लावतात. आत मातीचे मडके, वर पिठाच्या खळीने चिकटवलेला वर्तमानपत्राचा कागद आणि त्यावर रंगीत पातळ कागदाची झालर. पोटात ऊस, संत्री, भुईमुगाच्या शेंगा आणि मिठाई.

मडक्याच्या खापऱ्या डोक्यावर पडतात, हात कापतात. म्हणून आता बहुतेक ठिकाणी मडक्याऐवजी पुठ्ठा किंवा नुसता कागदाचा थर वापरतात. आपल्या कारागिरांनीही मडक्याच्या नादी लागू नये.

आपल्याकडे दहीहंडी टांगतात. ती उंच असते आणि माणसे तिच्यापर्यंत चढतात. मेक्सिकोत उलट चालते. दोर फांदीवरून किंवा तुळईवरून सोडतात, एका टोकाला पिन्याटा आणि दुसरे टोक मोठ्या माणसाच्या हातात. तो दोर ओढतो, सोडतो, पिन्याटा वर-खाली नाचवतो. पाहणाऱ्याला ती गंमत वाटते. पण खेळाचा लगामही त्याच हातात असतो. आम्ही गाठ मारून हा लगामच सोडून दिला होता.

दोर कोणता घ्यावा

ताग्यांना बांधतो ती सुतळी घेऊ नये. ती झटक्याने तुटते. काथ्याचा दोर मजबूत, पण तळहात सोलतो. नायलॉन ताकदीचा खरा, पण गुळगुळीत असल्यामुळे हातातून सरकतो आणि ताणला जात असल्याने पिन्याटा उसळ्या घेतो. बारीक नायलॉनचा दोरा किंवा तार तर मुळीच नको. करंगळीएवढा जाड, विणलेला सुती दोर सर्वात चांगला. मुठीत बसतो आणि गाठ धरून ठेवतो. लांबी दहा मीटरपेक्षा कमी नसावी.

भरलेला पिन्याटा फार तर तीन किलोचा. पण फटका बसला की दोराला वजनापेक्षा कितीतरी मोठा झटका बसतो. म्हणून आमचा नियम असा: कार्यक्रमाआधी त्याच दोराला, त्याच जागी, पाण्याने भरलेला २० लिटरचा कॅन दहा मिनिटे टांगावा आणि दोनचार झटके द्यावेत. दोर, जागा आणि गाठ, तिन्हींची परीक्षा एकदम होते.

तयार पिन्याट्याला वर तारेची कडी असते, ती बहुधा पुठ्ठ्यातून उपटून येते. आमच्या कारागीर बंधूंनी आतल्या बाजूस बांबूची वीतभर काडी आडवी घालून दोर तिला बांधावा आणि भोकाभोवती जाड कापडाची पट्टी खळीने चिकटवावी. कटपीसचा तुकडाही त्याला पुरतो.

जागा कोणती

पंखा, पंख्याची दांडी, पडद्याचा रॉड, दिव्याची पट्टी आणि खोटे छत, या पाच ठिकाणी कधीही टांगू नये. जवळून विजेची तार जात असेल तर ती जागा सोडावी. गच्चीच्या कठड्याजवळ आणि जिन्याजवळही नको. स्लॅबमधला लोखंडी हूक, पक्की तुळई किंवा झाडाची मनगटापेक्षा जाड, ओली फांदी चालते. हॉल असेल तर हूक वापरायची परवानगी आधी लेखी घ्यावी. हुकाला लहानशी कप्पी अडकवावी म्हणजे दोर सहज फिरतो. फांदीवर दोर घासतो, तिथे गोणपाटाचा तुकडा बांधावा.

मुलाचा हात, काठी, त्याची दोन पावले आणि पिन्याट्याचा झोका, एवढ्यांचा हिशोब केला तर चहूबाजूंनी तीन मीटर जागा मोकळी लागते. जमिनीवर खडूने तेवढे मोठे रिंगण आखावे. बाकीची मुले आणि दोरवाला रिंगणाबाहेर.

दोन माणसे, दोन कामे

एक माणूस दोराला, दुसरा काठीला. हे दोघे मोठे असावेत आणि त्यांना दुसरे काम देऊ नये, फोटो काढण्याचेही नाही. दोरवाल्याने दोर हाताला गुंडाळू नये. जवळ खांब असेल तर त्याला एक वेढा देऊन टोक हातात धरावे. पिन्याटा खेळणाऱ्या मुलाच्या छाती-तोंडाच्या उंचीवर, समोर हवा, डोक्यावर नको.

मुलांना खेळाआधी एकच गोष्ट सांगावी: तारा वर गेला की खेळ थांबला. डोळे बांधताना तारा वर. बारी बदलताना तारा वर. कोणी रिंगणात शिरले तर दोरवाल्याने झटकन तारा वर ओढून "थांबा" म्हणायचे, आणि काठीवाल्याने त्याच क्षणी काठी धरायची. सगळी रीत या एका नियमावर उभी आहे.

काठी हलकी, हातभर लांब, टोके गोल आणि कापडाने गुंडाळलेली असावी. लोखंडी नळी आणि क्रिकेटची बॅट नको. डोळ्यांवर मऊ सुती कापडाची चार बोटे रुंद पट्टी, एका ओढीने सुटेल अशा गाठीने बांधावी. सहा वर्षांखालच्या मुलांचे डोळे बांधू नयेत आणि त्यांना गरगर फिरवूही नये. त्यांची बारी आधी घ्यावी. सगळीच मुले अगदी लहान असतील तर काठी नकोच. ज्याच्या तळाला रिबिनी असतात आणि त्या ओढल्या की खाऊ पडतो, असा पिन्याटा मिळतो, तो लावावा.

खाऊ आणि शेवट

दोन किलोपेक्षा जास्त भरू नये. लहान मुले असतील तर कडक गोल गोळ्या, शेंगदाणे, काचेच्या गोट्या, नाणी आणि न फुगवलेले फुगे घालू नयेत. हे घशात अडकते. कागदात गुंडाळलेली मऊ चॉकलेटे, खोडरबर, छोट्या वह्या चालतात.

तारा फुटला की आधी काठी मोठ्या माणसाच्या हातात जाते, मग पट्टी सुटते, मग रिंगण उघडते. हा क्रम कधी मोडू नये. आमच्या हातून जे झाले ते इथेच झाले. प्रत्येक मुलाला आधीच एक कागदी पिशवी द्यावी, म्हणजे लोटालोटी कमी होते. खेळ संपताच दोर उतरवून गुंडाळावा. लोंबता दोर कुणा मुलाच्या गळ्यात अडकू शकतो.

गिऱ्हाइकाला भाव सांगताना पिन्याटा, दोर आणि दोन माणसांची मजुरी मिळून एकच रक्कम सांगावी. कोणी म्हणेल, "माणसे नकोत, तेवढे कमी करा." तिथे आम्ही हात जोडतो आणि काम सोडतो. दोन कामे गेली आहेत. ज्या मुलाला टाके पडले, त्याच्याच घरून मात्र यंदा बोलावणे आले, आणि दोराचे टोक आम्ही स्वतः धरले.