रंगीत चित्राला भुलू नकोस

अगं, बर्नरच्या सिम्युलेशनचा पहिला कंटूर स्क्रीनवर उमटला की किती भारी वाटतं, मला ठाऊक आहे. निळा, हिरवा, लाल. साहेब खूश, गिऱ्हाईकही खूश. तू मात्र लगेच हुरळून जाऊ नकोस.

एक घनमीटर मिथेन जाळायला साधारण ९.५ घनमीटर हवा लागते. आपण वर आणखी १०-१५ टक्के देतो, कारण दोन्ही नीट मिसळत नाहीत. जिथे हवा कमी पडते तिथे कार्बन मोनॉक्साइड. जिथे ज्वाला १५०० अंशांच्या वर जाते तिथे नायट्रोजनचे ऑक्साइड, म्हणजे नॉक्स. शिवाय ती जादा हवा तापवण्यात इंधन जातं आणि ती उष्णता सरळ चिमणीतून बाहेर. मिश्रण सुधारलं तरच जादा हवा कमी करता येते. पैसा वाचतो तो तिथे.

तुझ्या बर्नरच्या नळीतली गॅसची भोकंच बघ. एकूण क्षेत्रफळ तेवढंच ठेवून बारीक भोकं भरपूर पाडलीस, तर गॅस भिंतीलगतच वाहत राहतो. मोजकी मोठी पाडलीस तर झोत आत घुसतात, पण अती केलंस की मध्यावर एकमेकांवर आदळतात आणि सगळा गॅस तिथेच साचतो. मधलं माप कुठलं, हे अंदाजाने कळत नाही आणि दहा नमुने लोखंडात करून बघायला कुणी पैसे देत नाही. म्हणून सिम्युलेशन. आधी ज्वाला न पेटवता नुसता थंड प्रवाह सोडवून बघ, निम्मी उत्तरं तिथेच मिळतील. (सॉफ्टवेअरचं लायसन्स मोकळं नसेल तर ओपनफोम फुकट आहे.)

हवेला भोवरा देणारा स्वर्लर असेल तर के-एप्सिलॉन या टर्ब्युलन्स मॉडेलवर विसंबू नकोस. जोरदार भोवऱ्यात ते गंडतं. मेश, म्हणजे गणिताची जाळी, बारीक करून उत्तर हलतं का, तेही बघ. घाई करतील, तरी बघ. माझं विचारशील तर 'अ'पेक्षा 'ब' डिझाइन बरं, एवढं सिम्युलेशनचं म्हणणं मी मानते. नॉक्सचा नेमका आकडा मात्र त्याच्या भरवशावर गिऱ्हाइकाला कधीच देत नाही.

आणि मिश्रण फुकट सुधारत नाही. दाब खर्ची पडतो, पंख्याचं वीजबिल वाढतं. रिपोर्टात वाचलेलं इंधन आणि वाढलेली वीज, दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिही.

साइटवर गेलीस की आधी बॉयलर अटेंडंटला गाठ. "काका, डॅम्पर रोज किती उघडा ठेवता?" एवढंच विचार. मग चिमणीतला ऑक्सिजन मोजून घे आणि तुझ्या मॉडेलमध्ये ड्रॉइंगवरचा नव्हे, तिथला हवेचा आकडा घाल.