हृदयविकारानंतर पुन्हा मैदानावर

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी दवाखान्याचे शटर वर होते न होते तोच एक गृहस्थ येऊन बाकावर बसले. वय सहासष्ट. अकोल्याच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले आणि आता अमरावतीला मुलाकडे राहणारे. गणपतीच्या दिवसांत त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता. नागपूरला अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. त्याला तीन महिने होऊन गेले होते. फाईल जाडजूड होती, पण ती त्यांनी उघडलीच नाही. म्हणाले,

"डॉक्टरसाहेब, गोळ्या सुरू आहेत, रिपोर्ट चांगले आहेत. मले फक्त एकच सांगा. मी बरा झालो, का नुसता वाचलो?"

हे गृहस्थ तीस वर्षे रोज सकाळी बॅडमिंटन खेळत आलेले. झटक्यानंतर मुलाने रॅकेट कपाटावर ठेवून दिली. बायको जिना चढू देत नाही, नातवाला उचलू देत नाही. जुने भिडू भेटायला येतात आणि आवाज खाली करून बोलतात. "घरात मी काचेचं भांडं झालो," असे ते म्हणाले. त्यांचा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या अनेकांच्या मनात असतो, म्हणून आज या सदरात त्याचे उत्तर सविस्तर देतो.

माझी एक चूक

आधी एक कबुली. १९९८ साली, माझी प्रॅक्टिस नवी असताना, एक माजी कबड्डीपटू माझ्याकडे येत. वय साठ. तालुक्याच्या गावी पोरांना शिकवायचे, सामन्यांत पंचाचे काम करायचे. त्यांना झटका आला. ते बरे होऊन आले तेव्हा मी त्यांना एका वाक्यात सांगून टाकले, "काका, आता मैदान विसरा." त्यांनी ते अक्षरशः पाळले. मैदान सुटले, मग चालणे सुटले, मग लोकांत मिसळणे सुटले. वजन वाढले, साखर वाढली, चिडचीड वाढली. चार वर्षांनी दुसरा झटका आला आणि त्यात ते गेले. माझ्या सल्ल्यामुळेच गेले असे म्हणता येणार नाही. पण त्यांची ती चार वर्षे मी बसवून ठेवली, ही बोच आजही आहे. "काय करू नका" हे सांगायला मला अर्धा मिनिट लागला. "काय, किती आणि कधी करा" हे सांगायला अर्धा तास लागला असता, तो मी दिला नाही.

राष्ट्राध्यक्षांचा गोल्फ

हृदयविकारानंतर पुन्हा खेळाकडे वळलेल्यांचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांचे. त्यांना गोल्फचे वेड. २३ सप्टेंबर १९५५ रोजी डेन्व्हर येथे ते दिवसभरात २७ होल गोल्फ खेळले. खेळताना पोटात अस्वस्थ वाटू लागले. जेवणात कांदा खाल्ला होता, त्याचेच अपचन असावे असे वाटले. मध्यरात्रीनंतर छातीत दुखू लागले आणि तो हृदयविकाराचा झटका ठरला. वय चौसष्ट. आपल्याकडेही "रात्री ठेचा-भाकर जास्त झाली, गॅस धरला असेल" म्हणत मौल्यवान तास घालवणारे आठवड्याला एक तरी भेटतात. राष्ट्राध्यक्षांचीही तीच गत झाली, हे लक्षात ठेवा.

त्या काळी झटका आला की सहा-सहा आठवडे बिछाना, हाच उपचार असे. आयसेनहॉवर यांच्यासाठी बोस्टनहून डॉ. पॉल डडली व्हाइट यांना बोलावण्यात आले. हे स्वतः सायकल चालवणारे, चालण्याचे कट्टर पुरस्कर्ते. हृदयरोग्याने पुन्हा कामाला लागावे, या मताचे. आयसेनहॉवर सुमारे सात आठवडे रुग्णालयात होते. फेब्रुवारी १९५६ मध्ये ते पुन्हा गोल्फच्या मैदानावर उतरले, त्याच वर्षी निवडणूक जिंकले आणि १९६९ पर्यंत जगले.

आपल्या देशातले उदाहरण कपिलदेव यांचे. ऑक्टोबर २०२० मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांना झटका आला आणि दिल्लीत अँजिओप्लास्टी झाली. पुढे काही आठवड्यांतच ते गोल्फ खेळताना लोकांनी पाहिले. मात्र वाचकहो, कपिलदेव महिन्यात मैदानावर गेले म्हणून आपणही जावे, असा त्याचा अर्थ नव्हे. प्रत्येकाच्या हृदयाचे नुकसान वेगळे आणि प्रत्येक खेळाचा भार वेगळा.

कोणता खेळ किती भारी?

गोल्फ हा काही आपल्या वऱ्हाडातला खेळ नव्हे. आपल्याकडे बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, पोहणे आणि आखाडा. १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे हे गाव. तेव्हा साठीनंतरही अंगाला माती लावणारी मंडळी इथे कमी नाहीत. हिशेब मात्र सगळ्या खेळांना एकच लागू होतो.

स्वस्थ बसलेले असताना शरीर जेवढा प्राणवायू वापरते, त्याला एक 'मेट' म्हणतात. सपाट रस्त्यावर बऱ्यापैकी वेगाने चालणे म्हणजे सुमारे तीन ते साडेतीन मेट. दोन मजले न थांबता चढणे सुमारे चार. चालत खेळलेला गोल्फ चार ते पाच. मित्रांबरोबर बॅडमिंटनची डबल्स साडेपाचच्या आसपास. जिंकण्यासाठी खेळलेली सिंगल्स सात किंवा त्याहून अधिक. म्हणजे कोर्ट तेच, रॅकेट तीच, पण डबल्स आणि सिंगल्स हे हृदयाच्या दृष्टीने दोन वेगळे खेळ आहेत.

आता तुमचे हृदय किती मेट झेपवते, हे टीएमटी म्हणजे चालत्या पट्ट्यावरच्या तपासणीत कळते. आमच्या मुख्याध्यापकांना मी पुन्हा हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. इको तपासणीत हृदयाची पंपिंग ५५ टक्के, म्हणजे चांगली निघाली. टीएमटीत ते आठ मिनिटे चालले. छातीत दुखले नाही, कार्डिओग्राम बदलला नाही. याचा अर्थ त्यांचे हृदय साधारण नऊ मेटपर्यंत जाऊ शकत होते. नेहमीचा खेळ आपल्या कमाल ताकदीच्या साठ-सत्तर टक्क्यांत बसावा, हा सोपा ठोकताळा. नऊचे साठ टक्के म्हणजे साडेपाच. डबल्स बसली, सिंगल्स बसली नाही. हे गणित कागदावर मांडून दाखवले तेव्हा हेडमास्तर हसले. म्हणाले, "पेपर सोपा निघाला."

पायरी पायरीने

झटका साधा असेल आणि वेळेवर अँजिओप्लास्टी झाली असेल, तर साधारण क्रम असा ठेवावा.

पहिले दोन आठवडे : घरात आणि अंगणात, दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे चालणे. हातातून अँजिओप्लास्टी झाली असेल तर त्या हाताने आठवडाभर भरलेली बादली उचलू नये.

तिसरा ते सहावा आठवडा : सपाट रस्त्यावर चालणे हळूहळू वाढवून अर्ध्या तासापर्यंत न्यावे. चालताना सोबत्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. गाता येत असेल तर वेग थोडा वाढवा. वाक्य पुरे करायला धाप लागत असेल तर कमी करा. नाडी मोजण्यापेक्षा ही खूण अधिक उपयोगी, कारण अनेक हृदयरोग्यांना बीटा ब्लॉकर गटाची गोळी असते आणि तिने नाडी मुळातच फारशी वाढत नाही.

सहा आठवड्यांनंतर : डॉक्टरांची भेट, गरजेप्रमाणे इको आणि टीएमटी. मगच मैदान. सुरुवातीला नुसते दहा-पंधरा मिनिटे शटल टोलवणे, गुण न मोजता. दोन आठवड्यांनी एक गेम. मग दोन.

बायपास झालेल्यांची गोष्ट निराळी. छातीचे मधले हाड कापून जोडलेले असते. ते सांधायला सहा ते आठ आठवडे आणि पक्के व्हायला तीन महिने लागतात. तोवर दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोर करणे, गॅस सिलिंडर हलवणे, स्कूटरला किक मारणे, जोर-बैठका काढणे हे सगळे बंद. बायपासनंतर तीन महिन्यांच्या आत रॅकेट फिरवू नका.

ज्यांच्या हृदयाची पंपिंग कमी आहे, झडपेचा आजार आहे, ठोके अनियमित पडतात किंवा अजूनही थोड्या श्रमाने छाती दुखते, त्यांनी हा क्रम स्वतःला लावून घेऊ नये. त्यांचा कार्यक्रम हृदयरोगतज्ज्ञांनीच ठरवावा.

ज्यांना मैदान नकोच त्यांच्यासाठी योगासने आहेत. आपल्या देशातल्या २४ रुग्णालयांत, झटका येऊन गेलेल्या जवळपास चार हजार रुग्णांवर योगाधारित कार्यक्रमाचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. योग शिकलेले रुग्ण आपल्या पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगल्या रीतीने परतले आणि त्यांना स्वतःची तब्येत अधिक बरी वाटली. मृत्यू किंवा पुन्हा झटका येणे नक्की कमी होते, असे मात्र त्यात सिद्ध झाले नाही. म्हणजे योग करावा, पण गोळ्या सोडून नव्हे.

आपल्या हवेचे पथ्य

वऱ्हाडातला उन्हाळा कुणाला सांगायला नको. एप्रिल-मे मध्ये अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. लघवी वाढवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याच्या अंगातले पाणी अशा उन्हात लवकर कमी होते आणि चक्कर येते. म्हणून उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत खेळ उरका. पाणी किती प्यावे, हे हृदय अशक्त असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावे. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात उलटे करा. थोडे ऊन पडू द्या, अंगात स्वेटर ठेवा आणि दहा मिनिटे चालून अंग गरम झाल्याशिवाय रॅकेट धरू नका. खेळ संपल्यावरही एकदम खुर्चीत बसू नका, पाच मिनिटे फिरा.

शेतातल्या रोडग्याच्या जेवणानंतर मुले व्हॉलीबॉल मांडतात, तेव्हा आजोबांनी पंच व्हावे. भरपेट जेवणानंतर दोन तास खेळ नको. ताप, जुलाब, जागरण यांच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी. आणि खर्रा खाऊन कोर्टावर उतरणाऱ्याला मी खेळाडू मानत नाही. विडी, सिगारेट, खर्रा सोडल्याशिवाय बाकी सगळे पथ्य वाया आहे.

थांबा, हे ओळखा

खेळताना छातीत दाब, जळजळ किंवा आवळल्यासारखे वाटणे; जबडा, खांदा किंवा डावा हात भरून येणे; नेहमीपेक्षा जास्त धाप; थंड घाम; चक्कर; छातीत धडधड. यांतले एक जरी झाले तरी गेम अर्धा सोडा. "हा पॉइंट संपवतो" नको. मधुमेहींना कधीकधी दुखत नाही, नुसता घाम येतो आणि दम लागतो, हे विसरू नये. खाली बसा. डॉक्टरांनी दिलेली सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवा, पण बसूनच, कारण तिने रक्तदाब उतरतो. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत निघू नका. लैंगिक ताकदीची गोळी कुणी गुपचूप घेत असेल तर डॉक्टरांना सांगा. ती आणि सॉर्बिट्रेट एकत्र झाल्यास रक्तदाब जिवावर बेतेल इतका घसरू शकतो. इथे लाज बाळगू नये.

एकट्याने खेळू नका. आपला आजार निदान दोन भिडूंना ठाऊक असावा आणि गोळी कोणत्या खिशात आहे हेही.

घरच्यांसाठी दोन शब्द

मुख्याध्यापकांच्या मुलाला मी मुद्दाम बोलावून घेतले. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आम्ही बाबांच्या भल्यासाठीच थांबवतो. मागच्या वेळी रात्रभर ॲम्बुलन्समध्ये मी त्यांचा हात धरून होतो. पुन्हा ते पाहवणार नाही." त्याची भीती खोटी नव्हती. मी त्याला टीएमटीचा कागद दाखवला आणि म्हटले, "जे हृदय डॉक्टरांसमोर आठ मिनिटे धावत्या पट्ट्यावर टिकले, ते नातवाला उचलताना तुटत नाही. बाबांना थांबवू नकोस, पहिले काही दिवस सोबत जा."

तो गेला. पहिले दोन आठवडे कोर्टाच्या कडेला मोबाईल हातात धरून उभा राहायचा. तिसऱ्या आठवड्यात चौथा भिडू आला नाही, तेव्हा त्याच्याच हातात रॅकेट आली. होळीनंतर हेडमास्तर रक्तदाब तपासायला आले. वजन तीन किलो उतरले होते, झोप सुधारली होती. म्हणाले, "पोरगा बॅकहँड अजिबात खेळत नाही, पण शिकवीन त्याले."

मी त्यांना त्यांच्याच प्रश्नाचे उत्तर विचारले नाही. फाईलवर पुढची तारीख लिहिली, गोळ्या तशाच चालू ठेवायला सांगितल्या आणि सिंगल्स खेळायची नाही, हे पुन्हा एकदा बजावले. मान डोलावून ते उठले. तो सल्ला ते पाळतात की नाही, हे मात्र मी त्यांच्या मुलाकडून विचारून घेतो.