धम्म अभ्यासपाठ : १४ ऑक्टोबर – इतिहास किती, परंपरा किती?



वडपे (ता. भिवंडी) येथील धम्मवर्गात एका शाळकरी मुलाने विचारले, "सम्राट अशोकाने दसऱ्यालाच दीक्षा घेतली, याला पुरावा काय?" वडीलधारी मंडळी गप्प झाली. हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. केवळ परंपरेने आले म्हणून मानू नका, हीच कालाम सुत्ताची शिकवण आहे. तेव्हा उत्तर तपासूनच देऊ या.

प्रथम जे निःसंशय आहे ते. रविवार, दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी माईसाहेबांसह महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील ग्रहण केले. नंतर लाखोंच्या समुदायास स्वतः दीक्षा देऊन २२ प्रतिज्ञा वदविल्या. त्या दिवशी दसरा होता. १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा २१ वर्षांनी खरी झाली.

आता अशोक. राज्याभिषेकाच्या आठव्या वर्षी कलिंग जिंकले व त्या संहाराचा पश्चात्ताप झाला, असे तो तेराव्या शिलालेखात स्वतः सांगतो. दहाव्या वर्षी संबोधीस गेल्याचे आठव्या लेखात आहे. या आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली आपल्या शेजारच्या सोपाऱ्यास सापडला. नवव्याचा तुकडा त्याच परिसरात १९५६ साली, म्हणजे दीक्षेच्याच वर्षी, मिळाला. या लेखांत वर्षे आहेत, दीक्षेची तिथी नाही. म्हणून 'अशोक विजयादशमी' ही परंपरा होय. रावणवधाची तिथी हीदेखील परंपराच. तिलाही शिलालेखाचा आधार नाही.

मग आपली बाजू लंगडी पडते काय? मुळीच नाही. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबरच्या भाषणात नागपूर निवडण्याचे कारण सांगितले : नाग लोकांनी येथे धम्म पसरविला. धर्मांतराची कारणेही दिली. त्यांत माणुसकी व स्वाभिमान मुख्य होते. आपली दीक्षा तिथीवर नव्हे, प्रतिज्ञांवर उभी आहे. तिथी तर सरकते. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला आला.

मुलांना खरे तेच सांगा. परंपरा आदराने सांगा, पण परंपरा म्हणूनच. अप्रमाण गोष्टीवर सारा भार टाकला, तर ती हलताच मुलाची श्रद्धाही हलेल.

वर्गासाठी प्रश्न :
१) अशोकाविषयी शिलालेखातून काय कळते?
२) २२ प्रतिज्ञांपैकी किती आपल्या घरात पाळल्या जातात?

जय भीम!